बिनहुंकाराची गोष्ट

३ नोव्हेंबर, सोमवार

पोचले एकदाची! हिंगोलीहून गोरेगावच्या जीपमध्ये माझ्या मांडीवर माझी बॅग, बॅगेवर कुणाचं तरी मेथीचं गाठोडं आणि त्या गाठोड्याला टेकून झोपलेलं एक लेकरू, अशी रचना झाली होती. माइकची पेटी पोटाशी धरून बसले होते. शेजारच्या आजींनी तीत काय आहे ते विचारलं. आवाज धरून ठेवायचं यंत्र आहे म्हटल्यावर त्यांनी गाव येईपर्यंत तोंडाला पदर लावला. मी एकटीच बडबडत राहिले. घरी मला उगाच रेडिओ म्हणत नाहीत.

खोली पद्माबाईंकडे मिळालीय. त्या अंगणवाडीत होत्या, आता घरीच असतात. भिंतीवर आमच्या नाशिकच्या घरी आहे तीच बाबासाहेबांची तसबीर, त्यामुळे पहिल्या मिनिटापासून परकं वाटलं नाही. ज्वारीची भाकरी, ठेचा आणि शेपूची भाजी. शेपू मी जन्मात खात नाही, आज दोनदा वाढून घेतली.

काम मजेचं आहे. पुण्याच्या आमच्या ऑफिसनं इकडच्या तोंडी गोष्टी जपायचं ठरवलंय. नुसत्या रेकॉर्ड करून कपाटात ठेवायच्या नाहीत. गावच्या वाचनालयात माणसाएवढा स्क्रीन लावायचा, त्यात गोष्ट सांगणारी बाई दिसणार, आपण मधेच काही विचारलं तर तिच्याच आवाजात उत्तर देणार. पुढे तेच सगळं मोबाइलवर. मी आवाजाची बाजू सांभाळते. आता फक्त गोष्ट सांगणारी बाई सापडायला हवी.

५ नोव्हेंबर, बुधवार

ज्याला विचारावं तो एकच नाव सांगतो: बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्या मिराबाई. सगळे त्यांना याडी म्हणतात, म्हणजे आई.

तुरीच्या शेतांमधून चालत गेले. तूर फुलावर आलीय, पिवळीधमक. तांड्यावर मात्र अर्ध्या घरांना कुलपं. दिवाळी झाली की माणसं ऊसतोडीला जातात. मिराबाईंचा मुलगा रणजीतही गेलाय. सून पुजा या वर्षी मागे राहिलीय, तिला सातवा महिना आहे.

मिराबाई ऐंशीच्या घरातल्या असतील. दंडांवर जन्मभर घातलेल्या बांगड्यांची फिकट खूण आहे. नवरा खेमा मागल्या साली गेले, तेव्हा त्या उतरवल्या. चहा पाजला, माझी सगळी चौकशी केली, माझ्या कापलेल्या केसांवर यथेच्छ हसल्या आणि गोष्टीला साफ नाही म्हणाल्या. हुंकार देणारं माणूस गेलं, आता कोणाच्या भरवशावर सांगू, म्हणाल्या.

पुजानं मला उलगडून सांगितलं. यांच्यात गोष्ट एकट्यानं सांगत नाहीत. ऐकणाऱ्यांतला एक जण दर वाक्याला हं म्हणतो, तो हुंकार. याडींना उभा जन्म खेमांनी हुंकार दिला. ते गेल्यापासून याडींनी एकही गोष्ट सांगितलेली नाही.

मी म्हटलं, एवढंच ना! हं म्हणायला काय लागतं?

९ नोव्हेंबर, रविवार

मिराबाई तयार झाल्या! पुजानं मनावर घेतलं म्हणून. पोटातल्या लेकराला आजीच्या गोष्टी मिळाल्या पाहिजेत, तुमचं काही सांगता येतं का, असं तिनं सासूला तोंडावर सांगितलं. सासू हसली आणि हो म्हणाली.

हं म्हणायला बरंच काही लागतं हे आज कळलं. माझा हुंकार लवकर यायचा नाहीतर उशिरा. एकदा उशीर झाला तेव्हा याडी थांबल्या आणि म्हणाल्या, “झोपली काय गं? मला खाली सोडून?” मग त्यांनी नीट समजावलं. सांगणारं माणूस गोष्टीत उतरतं. हुंकार म्हणजे विहिरीत उतरणाऱ्याच्या कमरेचा दोर. वरून हं आला की खालच्याला कळतं, वर कोणी तरी हाय. आणि गोष्ट अर्धी ठेवून उठायचं नाही. शेवटी “गोष्ट गेली तिच्या घरी, आपण आलो आपल्या घरी” असं म्हणायचं, मगच पाणी प्यायचं.

गोष्ट अशी. मिठाच्या गोण्या घेऊन बैलांचा तांडा निघालाय. पुढचा बैल हरवतो. एक पोरगी त्याच्या गळ्यातल्या घंटेच्या आवाजामागे बाभळीच्या रानात शिरते. घंटा वाजते, ती चालते, काटे मोडतात, घंटा आणखी पुढे वाजते. शेवटी बैलासकट ती घरी येते. साधीच गोष्ट, पण याडी सांगायला लागल्या तेव्हा त्यांचे डोळे कुठं तरी लांब गेले आणि मला खरंच वाटलं की त्या अंगणात नाहीत. मी हं म्हणत राहिले. संपल्यावर त्या तांब्याभर पाणी प्यायल्या आणि त्यांनी माझ्या गालावर हात फिरवला. मला फार आवडल्या त्या.

१६ नोव्हेंबर, रविवार

आठवडाभर तांडा आणि खोली, खोली आणि तांडा. याडींनी गोष्टींची रास घातलीय. मी त्या साफ करतेय. कोंबडी, ट्रॅक्टर, पुजाचा खोकला, सगळं काढून टाकलं. माझे हं सुद्धा. यंत्राला एकच आवाज शिकवायचा असतो, दुसरा आवाज म्हणजे कचरा. डाळीतले खडे वेचावेत तसा एकेक हं वेचला. आमच्याकडे काही फेकून द्यायची पद्धत नाही, म्हणून ते सगळे वेगळे ठेवून पुण्याला पाठवले.

रविंद्र सरांचा फोन आला. ते आमच्या कामाचे प्रमुख. इतका स्वच्छ आवाज आजवर कुणी दिला नव्हता म्हणाले. मी दिवसभर फुशारले होते.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आज वाचनालयात स्क्रीन सुरू झाला. नारळ फुटला, पेढे वाटले, भाषणं लांबली. मग याडी पडद्यावर आल्या आणि सगळे चिडीचूप झाले. हुबेहूब त्याच. तोच आवाज, ओठ पुसायची तीच सवय.

शाळा सुटल्यावर पोरांनी नुसता गराडा घातला. बैल सापडला का, असं एकीनं विचारलं. पडद्यावरची याडी म्हणाली, “अजून न्हाई माय, ऐक.” आणि तिनं पुढे सांगितलं, असं काही जे मी रेकॉर्डच केलं नव्हतं. ऑफिसनं तशी सोय केलीय. ऐकणारं समोर आहे तोवर यंत्र गोष्ट वाढवत नेतं. पोरगी चालतेय, घंटा वाजतेय. पोरं कंटाळून गेली तरी बेंचवर कुणी बसलेलं असलं की गोष्ट सुरूच.

खऱ्या याडी काही आल्या नाहीत. पुजानं निरोप पाठवला, थकल्यात म्हणे.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

तांड्यावर गेले होते. मन ठिकाणावर नाही.

याडी बाजेवर बसून होत्या. डोळे उघडे. मी हाक मारली, हात धरला, काही नाही. पुजा म्हणाली, सोमवारपासून असंच आहे. वाचनालय उघडायच्या वेळेला गप्प होतात आणि दिवेलागणीला ताळ्यावर येतात, पाणी मागतात, आणि दिवसभर कुठं होत्या ते सांगता येत नाही. सेनगावला दवाखान्यात नेलं. डॉक्टर अशक्तपणा म्हणाले, सलाइन लावलं.

मग पुजानं त्यांच्या पायावरची गोधडी बाजूला केली. तळवे काट्यांनी भरले होते. बाभळीचे काटे, काही ताजे, हिरव्या देठाचे. बाजेवरून पाय खाली ठेवला नाही ताई, माझ्या डोळ्यांदेखत बसून हायेत, असं पुजा परत परत सांगत होती. रोज संध्याकाळी ती सुईनं काटे काढते. मी एक काटा काढला. ओला होता.

१ डिसेंबर, सोमवार

पद्माबाई आज पहिल्यांदा स्क्रीन बघायला गेल्या आणि तोंड पाडून परत आल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, बाई येवढं सांगून राहिली अन् हं म्हणणारं कोणीच न्हाई, काहून असं केलं? त्यांच्या लहानपणी असं झालं असतं तर सांगणारीनं तोंड मिटलं असतं. यंत्राला तोंड मिटता येत नाही, एवढंच मी म्हणू शकले.

मग अंगावर काटाच आला. मी तशीच वाचनालयात पळाले. दुपार होती, वर्तमानपत्र वाचणारे दोघे सोडून कुणी नव्हतं. बेंचवर बसले आणि दर वाक्याला हं म्हणायला लागले. ते दोघे बघत होते, बघू देत. थोड्या वेळानं पडद्यावरच्या याडी बोलता बोलता माझ्याकडे वळल्या. एरवी त्या कधी कुणाकडे बघत नाहीत, समोर बघतात.

फोन वाजला. पुजा रडत होती, हसत होती. याडी जाग्या झाल्या ताई, पाणी मागून राहिल्या, वर कोण हाय म्हणून विचारून राहिल्या.

दोर मी कापला होता. माझ्या हातांनी, खडे वेचावेत तसा.

४ डिसेंबर, गुरुवार

तीन दिवस बेंचवर बसून हं म्हणतेय. घसा बसलाय, पण याडी बऱ्या होत्या. काल भाकरीही खाल्ली.

आज सकाळी त्या पुन्हा तशाच गप्प झाल्या. मी स्क्रीनचा प्लगच काढला. काही फरक नाही. पायांतून रक्त येतंय, पुजा म्हणाली.

रविंद्र सरांचा फोन आला तेव्हा कळलं. ॲप काल रात्री बाहेर पडलंय. प्रतिसाद तुफान आहे, लोक स्वयंपाक करताना, गाडी चालवताना लावून ठेवतात, म्हणाले. संध्याकाळी कनेरगाव नाक्यावर गेले होते. ढाब्यावर जेवणाऱ्यांच्या गलक्यात कुणाच्या तरी मोबाइलवर याडी सांगत होती. मी वाकून हं म्हटलं. त्या माणसानं मोबाइल उचलून खिशात घातला. खिशातून ती सांगतच होती.

किती जणांच्या खिशांत? मी कुणाकुणाला हं म्हणू?

७ डिसेंबर, रविवार

सरांना सगळं सांगितलं. काट्यांचंही. ते अगदी प्रेमानं म्हणाले, साक्षी, तू दमली आहेस, सुट्टी घे. ॲप बंद करणं त्यांच्याही हातात नाही, वरून पैसा आलाय, मंत्रालयातून कौतुकाचं पत्र आलंय.

मी हातापाया पडले. निदान हुंकार तरी घाला, पद्धतच आहे तशी, त्याशिवाय ती गोष्ट अस्सल नाही, असं काय काय बोलले. अस्सल या शब्दावर ते थांबले. म्हणाले, कल्पना छान आहे, आणि तुझे हं आहेतच की आपल्याकडे. त्यावरून यंत्र हवे तेवढे हुंकार बनवील. जिथं जिथं गोष्ट चालू तिथं तिथं तुझा आवाज हं म्हणेल. चालेल ना?

मी विचारसुद्धा केला नाही. चालेल, चालेल, आजच करा, म्हणाले. फोन ठेवून पद्माबाईंच्या गळ्यात पडून रडले.

९ डिसेंबर, मंगळवार

याडी आल्या! दुपारी अंगणात काठी टेकत चालल्या. तळवे बांधलेत, पण नवा काटा नाही. पुजानं शिरा केला होता. मी इतकी बडबडले की याडींनी कानांवर हात ठेवले.

निघताना मात्र त्या माझा हात सोडेनात. खाली सगळीकडून तुझा आवाज येऊन राहिला होता, म्हणाल्या. येवढे दोर एका माणसानं कसे धरले, विचारत होत्या. मी हसून टाळलं.

११ डिसेंबर, गुरुवार

सकाळपासून तोंडातून हं येतोय. मी म्हणत नाही, येतो. ब्रश करताना, चहा पिताना. पद्माबाईंना वाटलं मी त्यांच्या बोलण्याला मान देतेय, त्या खूश होऊन आणखी सांगत बसल्या.

थोडा वेळ उशी तोंडावर दाबून पाहिली. उशीतही —

१२ डिसेंबर, शुक्रवार

भाजीवाल्याकडे कशाची तरी जुडी मागायची होती. पद्माबाईंनी पहिल्या दिवशी वाढली होती ती. नाव येईना. वासाची, बारीक पानांची. भाजीवाला नावं घेत गेला आणि मी प्रत्येकाला हं म्हणाले. पिशवी भरून आणली. आत्ताही नाव आठवत नाही. जे तोंडातून जातं ते लिहायलाही सापडत नाही.

मधे जागा मिळाली की लिहितेय. हं थांबतो, मग पुन्हा.

१३ डिसेंबर, शनिवार

सरांना फोन लावला. माझा हुंकार काढा एवढंच सांगायचं होतं. एवढंच. तोंड उघडलं आणि हं. ते बोलत होते. हुंकार लोकांना फार आवडला. हं. आता हिंदीतही काढतोय, तेलुगूतही. हं. तिथंही तुझाच ठेवू ना? मी ओठ दाताखाली दाबले, रक्त आलं —

हं.

शाब्बास म्हणाले.

मेसेज लिहायला घेतला. बोटांनी हं लिहिलं. पुसलं. पुन्हा हं. त्यांनी अंगठा पाठवला.

१४ डिसेंबर

आईचा फोन. तिला वाटलं मी रागावलेय. ती रडत होती, काय झालं माझ्या — माझ्या — ती मला काय म्हणते ते घरचं नाव. खोक्यातून गाणी लागतात त्याचं. ते गेलं.

मी आईला हं म्हणत राहिले. तिनं फोन ठेवला नाही. मीही नाही. शेवटी चार्जिंग —

१५

हात धरून पद्माबाईंनी दवाखान्यात. डॉक्टर विचारतात दुखतं का. हं. ताण आहे का. हं. झोप येते का. हं.

गोळ्या.

१६

भिंतीवरचा फोटो. निळा कोट. कोण ते माहीत आहे. नाव —

मला हे नको. हे तरी नको —

१७ डिसेंबर, बुधवार

याडी आल्यात. पुजा त्यांना जीपमधून घेऊन आली, जीपमध्ये कुणी तरी त्यांचीच गोष्ट लावली होती म्हणे. दुपारचं ऊन खोलीत आलंय. याडी भिंतीला टेकून बसल्यात, बांधलेले पाय लांब करून. मला बघून त्यांना सगळं समजलं. पुजाला बाहेर पाठवलं, दार ओढून घेतलं आणि म्हणाल्या, “मला वर काढलं अन् तू खाली गेली व्हय? आता तू सांग. मी हं म्हणते.”

मी काय सांगू? त्या म्हणाल्या, तुझंच सांग. मोठ्यानं म्हण अन् लिही. मी हाय वर.

आणि शब्द येतायत! मी म्हणते, त्या हं म्हणतात, आणि पुढचा शब्द हाताला लागतो. शेपू. शेपूची भाजी. रेडिओ, मला घरी रेडिओ म्हणतात. बाबासाहेब. मी साक्षी. नाशिकची. माझ्या आईचं नाव रुख्मिणी आहे आणि तिला माझा राग येत नाही. मला घरी जायचंय. याडी, मला फार भीती वाटते. हं, म्हणाल्या. मला तुमच्यासारखंच वाटतंय, सगळीकडून दोरांना ओढ लागलीय, हात सोलून निघालेत, सोडवत नाही, सोडलं तर तुम्ही पडाल. हं.

बाहेर पुजा खोकली. तिला काही होता कामा नये. लेकरू नीट होऊ दे. हं.

त्यांचा आवाज बारीक झालाय. सकाळी निघाल्यात, खाल्लेलं नाही. दोन वेळा मान खाली आली, दोन्ही वेळा त्या दचकून जाग्या झाल्या आणि आधी हं म्हणाल्या, मग डोळे उघडले. मी भराभर लिहितेय. संपवलं पाहिजे. शेवटचं वाक्य म्हटलं की सुटते, गोष्ट गेली तिच्या घरी एवढं म्हटलं की, पण त्याआधी सगळं सांगून व्हायला हवं, मी काय कापलं, कसं कापलं, रविंद्र सरांना काय

याडी

हनुवटी छातीवर टेकलीय. श्वास चालू आहे. झोपल्यात नुसत्या. म्हाताऱ्या आहेत, दमल्यात. हलवते. याडी, उठा, मी अजून आत आहे, माझं अर्धं राहिलंय, एकदाच म्हणा, फक्त एकदा

गोष्ट गेली तिच्या

तिच्या